डोक्याला कल्हई, स्पॅनिशमध्ये पत्रा!

करंजा बंदरावर रेवसच्या तरीची वाट बघताना एक पोरगा आईला वडापावसाठी भंडावत होता. ती वैतागून म्हणाली, "डोकं नको खाऊस!" झालं, माझ्यातला शब्दवेडा जागा झाला. 😄

त्रास देण्याच्या आपल्याकडे किती तऱ्हा!

🔸 पिडणे : संस्कृत ‘पीडा’वरून.
🔸 वात आणणे : वात, पित्त, कफ यांतला वात.
🔸 फिरकी घेणे, खेचणे : ही प्रेमळ जात.
🔸 पकवणे : मुंबईची देणगी. ऐकणारा शिजून निघतो.
🔸 डोक्याची मंडई : पुणेरी. मंडईतला कलकलाट थेट डोक्यात.
🔸 डोक्याला कल्हई : कल्हई म्हणजे पितळी भांड्याला आतून दिलेला कथलाचा मुलामा.

आता गंमत बघा. स्पेनमध्ये कुणी पिडलं तर म्हणतात ‘दार ला लाता’, शब्दशः ‘पत्र्याचा डबा देणे’. आपण कथिल लावतो, ते डबा हातात देतात! ‘चिंचार’ हे क्रियापद ‘चिंचे’ म्हणजे ढेकणावरून आलंय. ढेकणासारखं चावत राहायचं. फिरकी घेणं म्हणजे ‘तोमार एल पेलो’, केस धरणं. तेच कोलंबियात ‘मामार गायो’. त्यात चक्क कोंबडा येतो!

शब्द प्रांताप्रांतात बदलतात, आपल्यासारखेच. आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणजे छळसुद्धा जरा मऊच!

तुमच्या गावात डोकं खाणाऱ्याला काय म्हणतात? कमेंटमध्ये लिहा. पण पकवू नका! 😉