तोफ एक, वाट तीन दशकांची
लष्कराला १५५ मिलिमीटर तोफांसाठी इतका काळ का थांबावे लागले?

नवी दिल्ली : संरक्षण मंत्रालयाने २६ मार्च २०२५ रोजी ३०७ 'अटॅग्स' तोफा आणि त्या ओढून नेण्यासाठी ३२७ जड वाहने यांच्या खरेदीचा करार केला. सुमारे ६,९०० कोटी रुपयांच्या या कराराद्वारे लष्कराच्या १५ तोफखाना रेजिमेंट सज्ज होतील. पुण्याची भारत फोर्ज कंपनी सुमारे ६० टक्के तोफा पुरवील. उरलेल्या टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्सकडून येतील. तोफेचा आराखडा पुण्यातीलच शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेचा (एआरडीई) आहे. ओढून न्यावयाच्या तोफांची इतकी मोठी खरेदी खासगी भारतीय उद्योगाकडून प्रथमच होत आहे.

वृत्त म्हणून एवढे पुरेसे आहे. मात्र ज्या योजनेचा हा करार एक भाग आहे, ती १९९९ मध्ये आखली गेली होती. तोफखान्यातील निरनिराळ्या मापांच्या जुन्या तोफा क्रमाक्रमाने काढून टाकाव्यात आणि सर्वत्र १५५ मिलिमीटर हे एकच माप आणावे, हा तिचा गाभा. त्यासाठी सुमारे २,८०० तोफा लागणार होत्या. योजना कागदावर आली तेव्हा लष्करात भरती झालेले बहुतेक गोलंदाज पहिली नवी तोफ येण्यापूर्वीच निवृत्तीच्या वयाला पोहोचले.

माप आणि पल्ला

तोफेच्या वर्णनात दोन आकडे येतात आणि वाचकांचा गोंधळ बहुधा तेथेच होतो. '१५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबर' यातील पहिला आकडा नळीच्या आतील व्यासाचा आहे. दुसरा नळीच्या लांबीचा. ती व्यासाच्या किती पट आहे, हे तो सांगतो. म्हणजे ३९ कॅलिबरच्या बोफोर्सची नळी सुमारे सहा मीटर, ४५ कॅलिबरच्या 'धनुष'ची सात मीटर आणि ५२ कॅलिबरच्या 'अटॅग्स'ची आठ मीटरहून थोडी अधिक. नळी जितकी लांब, तितका अधिक वेळ जळत्या दारूचा वायू गोळ्याला मागून रेटत राहतो. गोळा अधिक वेगाने बाहेर पडतो आणि दूर जातो. 'धनुष'चा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर आहे, तर 'अटॅग्स'ने विशिष्ट गोळ्यांसह चाचणीत ४८ किलोमीटर गाठले.

पल्ल्याचे महत्त्व केवळ दूरवर मारा करण्यापुरते नसते. शत्रूच्या तोफा जेथपर्यंत पोहोचू शकत नाहीत तेथून आपण मारा करू शकलो, तर आपले गोलंदाज सुरक्षित राहतात. तोफेच्या ठिकाणाचा शोध गोळ्याच्या मार्गावरून घेणारी रडार यंत्रणा आता दोन्ही बाजूंकडे असते. त्यामुळे मारा केल्यानंतर काही मिनिटांत जागा बदलणे हा गोलंदाजांसाठी जिवाचा प्रश्न ठरतो. स्वयंचलित तोफा, म्हणजे रणगाड्यासारख्या साखळीपट्ट्यांवरून स्वतः धावणाऱ्या तोफा, महाग असूनही लष्कराला हव्या असतात त्या यासाठीच.

बोफोर्सची सावली

मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. वर्षभराने, एप्रिल १९८७ मध्ये, स्वीडिश रेडिओने दलालीचे वृत्त दिले आणि त्यानंतरचे राजकारण सर्वपरिचित आहे. तोफेच्या गुणवत्तेबद्दलचा वाद मात्र १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलमध्ये संपला. डोंगरमाथ्यावरील शत्रूच्या मोर्चांवर उंच कोनातून आणि काही ठिकाणी थेट नेम धरून बोफोर्सने मारा केला. उंचावरील विरळ हवेमुळे तिचा पल्लाही वाढला. त्या संघर्षात तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले.

इतके होऊनही पुढची तोफ येईना. परदेशी कंपन्यांशी बोलणी होत, निविदा निघत, पोखरणच्या वाळूत आणि डोंगराळ भागात चाचण्या होत आणि अखेर सारे रद्द होई. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीशी व्यवहार थांबवण्यात आले. मार्च २०१२ मध्ये सिंगापूर आणि इस्रायलच्या कंपन्यांसह सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली. जगात अशा तोफा बनवणाऱ्या कंपन्या मुळातच मोजक्या. त्यांतील दोन-तीन बाद झाल्या की स्पर्धेत एकच उरे आणि एकाच निविदाकाराकडून खरेदी करण्यास नियम सहसा आड येत. भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा हेतू योग्यच होता. पण बंदी घालताना पर्यायी व्यवस्था न उभारल्याची किंमत सीमेवरील तुकड्यांनी मोजली, असे म्हणणे भाग आहे.

याची एक बोलकी खूण बिहारमधील नालंदा येथे आहे. १५५ मिलिमीटर तोफेत गोळा आणि तो उडवणारी दारू स्वतंत्रपणे भरावी लागते. ही दारू ठरावीक आकाराच्या संचांत बनवणाऱ्या कारखान्याची पायाभरणी नालंदा येथे १९९९ मध्ये झाली. तंत्रज्ञान देणारी डेनेल बाद झाली. नंतर निवडलेल्या इस्रायली कंपनीवरही बंदी आली. अखेरीस हे तंत्रज्ञान पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेच्या कामातून उभे राहिले.

कपाटातील नकाशे

बोफोर्सच्या करारात तोफेचे आराखडे आणि निर्मितीचे तंत्रज्ञान भारताला मिळणार होते. ते मिळालेही, पण वाद इतका तापला होता की दोन दशकांहून अधिक काळ त्यांना कोणी हात लावला नाही. पुढे जबलपूरच्या तोफगाडा कारखान्याने त्याच आराखड्यांवरून, लांब नळी आणि नवी इलेक्ट्रॉनिक नेमयंत्रणा जोडून 'धनुष' घडवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ११४ तोफांची मागणी नोंदवली गेली आणि एप्रिलमध्ये पहिल्या सहा तोफा लष्कराला मिळाल्या.

तिचीही वाट सरळ नव्हती. २०१७ मध्ये चाचणीदरम्यान गोळा नळीच्या तोंडावरील भागाला घासून गेला. त्याच वर्षी जर्मन म्हणून चिनी बनावटीचे बेअरिंग पुरवल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. बेअरिंगसारखा लहान भाग, पण जड नळी हव्या त्या दिशेला अचूक वळवण्याचे काम त्याच्यावरच अवलंबून असते.

सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरण येथे अमेरिकी 'एम ७७७' तोफेच्या नळीचेही भारतीय दारूगोळा वापरताना नुकसान झाले. सप्टेंबर २०२० मध्ये तेथेच 'अटॅग्स'ची नळी फुटून चार जण जखमी झाले. सुमारे ४५ किलो वजनाचा गोळा प्रचंड दाबाखाली नळीतून सुटतो. नळी, गोळा, दारू आणि गोळा फोडणारा फ्यूज यांपैकी एकातही दोष असला, तरी धोका सर्वप्रथम तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानांना असतो. म्हणूनच चाचण्या लांबल्या की केवळ दिरंगाईचा ठपका ठेवून मोकळे होता येत नाही.

देवळालीचा दिवस

तोफांचा दुष्काळ औपचारिकपणे संपला तो ९ नोव्हेंबर २०१८ रोजी, नाशिकजवळच्या देवळालीत. तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय तेथेच आहे. त्या दिवशी 'एम ७७७' आणि 'के ९ वज्र' या दोन तोफा सेवेत दाखल झाल्या. पहिलीचे वजन जेमतेम सव्वाचार टन. ती हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. तिचा १४५ नगांचा करार नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेशी झाला होता. दुसरी दक्षिण कोरियाच्या तंत्रज्ञानावर आधारित स्वयंचलित तोफ. लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजिरा येथे अशा १०० तोफा बनवून फेब्रुवारी २०२१ पर्यंत सुपूर्द केल्या. मूळ विचार वाळवंटाचा होता. पण २०२० च्या तणावानंतर 'वज्र' लडाखच्या थंडीत नेण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० तोफांसाठी ७,६२८.७० कोटी रुपयांचा करार झाला.

नवी तोफ घेणे हा एकच मार्ग नव्हे. सोव्हिएत बनावटीच्या १३० मिलिमीटर तोफांना १५५ मिलिमीटरची नळी बसवून 'शारंग' तयार होते. तिचा पल्ला २७ वरून ३६ किलोमीटरवर जातो आणि गाडा जुनाच राहतो. अशा ३०० तोफांचे काम सोपवण्यात आले. रणगाड्यांबाबतही हीच रीत आहे. मार्च २०२५ मध्ये रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. त्यानुसार टी-७२ रणगाड्यांतील ७८० अश्वशक्तीच्या इंजिनांच्या जागी १,००० अश्वशक्तीची इंजिने येतील. रणगाडा जुना, पण चढण आणि वाळू यांतून तो अधिक वेगाने जाईल.

या करारांतील तोफांची बेरीज केली, तर चित्र स्पष्ट होते. 'एम ७७७' १४५, 'वज्र' २००, 'धनुष' ११४, 'शारंग' ३०० आणि 'अटॅग्स' ३०७, अशा एकूण १,०६६ तोफा होतात. सव्वीस वर्षांनंतर मूळ उद्दिष्टाच्या निम्म्याहूनही कमी, आणि यातील सर्व अद्याप रेजिमेंटमध्ये पोहोचलेल्या नाहीत.

तोफांच्या संख्येइतकाच प्रश्न गोळ्यांचा आहे. महालेखापरीक्षकांच्या जुलै २०१७ च्या अहवालानुसार दारूगोळ्याच्या तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा तीव्र युद्धात दहा दिवसही पुरला नसता. त्यानंतर खरेदीचे काही अधिकार लष्कराच्या उपप्रमुखांकडे देण्यात आले. आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्यांत रूपांतर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पिनाका' अग्निबाणांसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले. त्यांतील एक नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जशी, दुसरा पुण्यातील म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीशी.

'अटॅग्स'चा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि करार २०२५ मध्ये झाला. मोठ्या स्फोटकक्षामुळे आणि लांब नळीमुळे तिचा पल्ला वाढला, पण वजनही सुमारे १८ टनांपर्यंत गेले. डोंगराळ रस्त्यांच्या वळणांवर हे वजन जाणवते. म्हणूनच लष्कर याच मापाच्या, परंतु हलक्या ओढत्या तोफेचा आणि ट्रकवर बसवलेल्या तोफेचाही शोध घेत आहे.