फ्रेंचांची 'ऊ' डोक्यात घ्या!

फ्रेंचमध्ये 'कुठे?' विचारायचंय? मग फक्त 'ऊ' म्हणा. बास! डोकं खाजवू नका, ही ऊ चावत नाही. पण मिजास बघा तिची! माहीत आहे का, फ्रान्सच्या 'अझर्टी' कीबोर्डवर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या 'यू'ला चक्क स्वतःचं बटण आहे. आणि हे अक्षर अख्ख्या फ्रेंच भाषेत लागतं किती शब्दांत? एकाच! याच 'ऊ'मध्ये. रेघ द्यायची राहिली, की 'कुठे'चं होतं 'किंवा'.

पण जागा नक्की कुठली तेच माहीत नसेल तर? त्याचीही सोय आहे. समजा, घराची किल्ली गायब. पहिली पाच मिनिटं ती 'केल्क पार' असते, म्हणजे कुठेतरी. मग तुम्ही 'पारतू' शोधता, म्हणजे सगळीकडे. शेवटी ती 'न्युल पार', म्हणजे कुठेच नाही. आणि घरचे सुनावतात, तू वस्तू 'नँपोर्त ऊ' टाकतोस, म्हणजे कुठेही. चार शब्द, एक किल्ली, फुल ड्रामा!

बिगिनर मंडळी, इथे ब्रेक लावा. मराठीत 'कुठेही बस' आणि 'कुठेही सापडत नाही', दोन्हीकडे 'कुठेही' बिनधास्त चालतं. फ्रेंच मात्र कडक. पहिल्याला 'नँपोर्त ऊ', दुसऱ्याला 'न्युल पार'. वर 'न्युल पार' आलं, की नकाराचा नेहमीचा 'पा' घरी बसवायचा. 'झ न व्हे न्युल पार', मी कुठेच जात नाही. झालं वाक्य! अकरावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेल्यांनो, हा मार्क सोडू नका.

'नँपोर्त ऊ'चा शब्दशः अर्थ काय? 'कुठे, ते महत्त्वाचं नाही.' आता नुसती शेपटी बदला. 'नँपोर्त की' म्हणजे कोणीही, 'नँपोर्त काँ' म्हणजे केव्हाही. एकावर दोन फ्री!

माहीत आहे का? पाहुणा हळूच म्हणाला, 'मला जरा केल्क पार जायचंय', तर 'कुठे?' असं विचारू नका. सभ्य फ्रेंचमध्ये हे 'कुठेतरी' म्हणजे टॉयलेट! आणि कुणी 'केल्क पार' लाथ घालायची धमकी दिली, तर ती कुठे बसणार हे सांगायला हवं का?

टेनिसप्रेमींनो, फ्रेंचमध्ये स्कोअर '15 पारतू' झाला, म्हणजे 'सगळीकडे 15' झाला, म्हणजेच 15-15. 30 पारतूही चालतं. पण 40-40 झाले, की 'पारतू' आऊट आणि 'एगालिते' इन!

आता भेटा 'आयर'ला. उच्चार ऐकून मद्रासी अय्यर आठवतात, पण हे अय्यर कायम दुसरीकडेच असतात. 'आयर' म्हणजे 'अन्यत्र'. 'एक्स-फाइल्स' ही टीव्ही मालिका फ्रान्सला पोहोचली, तेव्हा तिची 'सत्य तिथे बाहेर आहे' ही टॅगलाइन होऊन बसली 'सत्य आयर आहे'. लेखक मिलान कुंदेराची 'जीवन आयर आहे' अशा नावाची कादंबरी लिहिली गेली चेकमध्ये, पण 1973मध्ये आधी छापली गेली फ्रान्समध्ये. म्हणजे कादंबरीसुद्धा आयरच!

सगळ्यात छोटा खेळाडू? 'ई'! एका अक्षराचा शब्द, अर्थ 'तिथे'. 'झी व्हे', म्हणजे मी तिथे जातो. (चॅनलचा संबंध नाही.) आणि उत्तर फ्रान्समध्ये सोम विभागात 'ई' नावाचं खरंखुरं गाव आहे. ईऽऽ म्हणून नाक मुरडू नका, तिथले रहिवासी स्वतःला ऐटीत 'इप्सिलोनियँ' म्हणवतात.

आता खरा मसाला. लांबच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या आडगावाला फ्रेंच लोक काय म्हणतात? 'पेताउश्नोक'! नाव रशियन वाटतं, पण नकाशावर शोधाल तर न्युल पार. दुसरं 'त्रिफुयी-लेझ्वा', शेपटीला चक्क हंसिणी जोडलेलं बनावट गाव. मला हेच जास्त आवडतं, उच्चारतानाच रस्ता चुकल्यासारखं वाटतं.

पण 'तातावीन' खरं आहे हं! दक्षिण ट्युनिशियातलं हे शहर. फ्रेंच अमलात तिथे शिक्षा झालेल्या सैनिकांच्या तुकड्या पाठवत, म्हणून 'तातावीनला जा' म्हणजे जा कुठेतरी दूर मसणात. पुढे 'स्टार वॉर्स'चं शूटिंग ट्युनिशियात झालं आणि 1977मध्ये पडद्यावर आला ओसाड वाळवंटी ग्रह, 'टॅटूइन'. नाव ओळखीचं वाटलं ना?

बेल्जियमवाले आणखी एक पाऊल पुढे. त्यांचं आडगाव 'हूत-सी-प्लू', आणि लिएज शहराच्या बाजूला या नावाची वस्ती खरोखर आहे! स्थानिक वालून बोलीत त्याचा अर्थ 'पाऊस पडतोय का, ऐक'. बिचाऱ्या तिथल्या माणसाने करायचं काय? कुणी विचारलं, 'राहता कुठे?' तर खरं सांगितलं तरी समोरचा म्हणणार, 'अहो, चेष्टा पुरे, पत्ता सांगा!'