एकत्र लिहिणारे केंद्र

1978 साली इंग्लंडमध्ये 'पोलिसिंग द क्रायसिस' नावाचे जाडजूड पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर पाच नावे होती. स्टुअर्ट हॉल हे त्यातले शिक्षक. चास क्रिचर, टोनी जेफरसन, जॉन क्लार्क आणि ब्रायन रॉबर्ट्स हे त्यांच्याभोवती जमलेले तरुण संशोधक. पुस्तकाची जबाबदारी पाचही जणांनी मिळून घेतली होती. प्रबंध म्हणजे एकट्याने गाळलेला घाम, अशीच समजूत असलेल्या विद्यापीठी जगात हे घडले, आणि ते योगायोगाने घडलेले नव्हते. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या 'सेंटर फॉर कंटेम्पररी कल्चरल स्टडीज' या पदव्युत्तर केंद्राची कामाची रीतच तशी होती. या केंद्राने जगाला दिलेले सर्वात मोलाचे काही असेल, तर ते ही रीत, असे मला वाटते. सिद्धान्तांचा क्रम त्यानंतरचा.

केंद्र सुरू झाले 1964 मध्ये. संस्थापक रिचर्ड हॉगार्ट हे लीड्सच्या कामगार वस्तीत वाढलेले आणि हल विद्यापीठात प्रौढांचे वर्ग घेतलेले इंग्रजीचे प्राध्यापक. आपण ज्या घरांतून आलो तिथले लोक काय वाचतात, कोणती गाणी गातात, हे त्यांनी 1957 च्या 'द यूजेस ऑफ लिटरसी'मध्ये मांडले होते. शेक्सपिअरची ओळ ज्या बारकाईने वाचायची, त्याच बारकाईने स्वस्त मासिकातली गोष्टही वाचावी, हा त्यांचा आग्रह. विद्यापीठ याला पैसे द्यायला फारसे उत्सुक नव्हते. मदत आली ती 'पेंग्विन' या प्रकाशनसंस्थेच्या अ‍ॅलन लेन यांच्याकडून. 1960 मध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या त्यांच्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा हॉगार्ट यांनी प्रकाशकाच्या बाजूने साक्ष दिली होती आणि 'पेंग्विन' निर्दोष सुटले होते. केंद्र उघडले तेव्हा शेजारच्या विद्याशाखेतल्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी पत्र पाठवून, आमच्या प्रांतात पाऊल टाकू नका, अशी ताकीदच दिली. ही आठवण हॉल यांनी नंतर नोंदवून ठेवली आहे.

हॉल हे जमैकातल्या किंग्स्टनचे. 1951 मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले, पुढे 'न्यू लेफ्ट रिव्ह्यू'चे पहिले संपादक झाले, लंडनच्या शाळेत मास्तरकीही केली. हॉगार्ट 'युनेस्को'त गेल्यावर केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली आणि 1979 पर्यंत राहिली. शिक्षक दोन-तीन, विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट. शिकवायला तयार अभ्यासक्रम नव्हता, कारण विषयच अजून घडत होता. मग छोटे-छोटे गट पडले: कोणी प्रसारमाध्यमे घेतली, कोणी तरुणांच्या टोळ्या आणि त्यांचे पोशाख, कोणी कामगारांचे काम, कोणी स्त्रियांचे जगणे. गटाने वर्षभर वाचायचे, भांडायचे, एकत्र लिहायचे आणि ते सगळ्यांसमोर ठेवायचे. लिहिलेले स्टेन्सिलवर टंकलिखित करून, सायक्लोस्टाइल करून हातोहात वाटायचे. हॉल यांचा दूरचित्रवाणीवरचा 1973 चा सुप्रसिद्ध निबंध पहिल्यांदा अशाच स्टेन्सिलच्या कागदांवर फिरला. कार्यक्रम बनवणाऱ्याने त्यात जो अर्थ भरला, तोच पाहणारा घेईल असे नाही. तो अर्धवट मान्य करेल किंवा साफ उलटाही घेईल, हे त्यात मांडले होते. पुढे डेव्हिड मॉर्ली यांनी 'नेशनवाइड' हा बीबीसीचा कार्यक्रम प्रेक्षकांच्या वेगवेगळ्या गटांना दाखवून हे प्रत्यक्ष पडताळून पाहिले.

'पोलिसिंग द क्रायसिस'ची सुरुवात मात्र केंद्रापासून काही मैलांवरच्या रस्त्यावर झाली. 5 नोव्हेंबर 1972 च्या रात्री हँड्सवर्थ भागात तीन पोरांनी घरी चाललेल्या एका माणसाला बेदम मारले. हाती लागले 30 पेन्स, किल्ल्या आणि पाच सिगारेटी. मार्च 1973 मध्ये शिक्षा सुनावली गेली: सोळा वर्षांच्या पोराला 20 वर्षे, इतर दोघांना दहा-दहा. मारहाण क्रूर होती, याबद्दल पुस्तकात कुठेही सारवासारव नाही. प्रश्न पुढचा होता. रस्त्यावरची लूट काही नवी नाही, मग वर्तमानपत्रांनी तिला 'मगिंग' हे अमेरिकेतून आणलेले नाव का दिले आणि नवी साथ आल्यासारखे का छापले? केंद्रातली मंडळी कात्रणे जमवत बसली: बातम्या, अग्रलेख, न्यायाधीशांची वक्तव्ये, संपादकांना आलेली पत्रे. पोलीस वर्तमानपत्राचा दाखला देतात, न्यायाधीश 'लोकांच्या चिंते'चा, आणि वर्तमानपत्र पुन्हा न्यायाधीशाचा, हे चक्र त्या कात्रणांतून दिसू लागले. तिथून पुस्तक थेट ब्रिटिश राज्यसंस्थेकडे वळते. संप, महागाई, ओसरलेले साम्राज्य; लोकांची संमती सुटत चाललेल्या सत्तेला कायदा-सुव्यवस्थेचा आवाज चढवावा लागतो आणि बोट काळ्या तरुणाकडे दाखवले जाते. इटलीच्या तुरुंगात मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शींनी लिहिलेल्या टिपणांचा इंग्रजी अनुवाद 1971 मध्ये आला होता. तो इथे कामी आला. पुस्तक निघाल्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यात मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. हे पुस्तक आजही वाचताना अंगावर येते, आणि वर्तमानपत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, असे मनापासून वाटते.

केंद्रातली भांडणे खरी होती. पोरांच्या टोळ्यांवर एवढे लिहिले, पण मुली कुठे आहेत, असे केंद्रातल्याच अँजेला मॅकरॉबी आणि इतर जणींनी विचारले. स्त्री अभ्यास गटाने 1978 मध्ये केंद्राच्या नियतकालिकाचा अख्खा अंकच ताब्यात घेतला. तो 'विमेन टेक इश्यू'. 1982 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये केंद्रातल्याच पॉल गिलरॉय, हेझल कार्बी, प्रतिभा परमार यांनी वंशाचा प्रश्न कडेला ठेवल्याबद्दल ब्रिटिश समाजशास्त्राला आणि गोऱ्या स्त्रीवाद्यांनाही जाब विचारला. एवढी टीका पोटात घेऊन तीच पुस्तकरूपाने बाहेर काढणारी संस्था विरळाच.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येतो. हॉल यांच्यानंतर संचालक झालेल्या रिचर्ड जॉन्सन यांच्या काळात काम चालू राहिले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केंद्राचा रीतसर विभाग झाला, पदवीचे विद्यार्थी आले, समाजशास्त्राशी जोड मिळाली. 2001 च्या सरकारी संशोधन मूल्यमापनात विभागाला '3अ' श्रेणी मिळाली आणि 2002 च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने 'पुनर्रचना' या नावाखाली तो बंद केला. जगभरातून निषेधाची पत्रे गेली, विद्यार्थ्यांनी मोहीम चालवली. निर्णय बदलला नाही. श्रेणीसाठी प्रत्येक अध्यापकाने आपल्या नावावरचे निवडक लेखन तेव्हा पुढे ठेवावे लागे. पाच जणांनी पाच वर्षे कात्रणांवर खपून एक पुस्तक लिहायचे, या कामाला त्या तक्त्यात रकाना नव्हता. स्टेन्सिलवर निघालेले ते निबंध आता त्याच विद्यापीठाने संगणकावर उपलब्ध केले आहेत; कोणालाही वाचता येतात.