अमोनिया कोणाशी मिसळावा, कोणाशी नाही

अमोनिया हा नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू मिळून बनलेला, पाण्यात मुबलक विरघळणारा वायू असून, सफाईसाठी मिळणारे त्याचे द्रावण साधारणतः ५ ते १० टक्क्यांचे असते. ते अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माचे, असल्याने तेलकट मळ सोडवते आणि डाग न ठेवता उडून जाते. मराठी घरांत अशी बाटली क्वचितच आढळते. परंतु काच पुसण्याची काही द्रावणे, केसांचे रंग आणि साचलेले मूत्र यांतून अमोनिया घरात असतोच. कल्हईवाल्याचा नवसागर हाही अमोनियाचाच क्षार असून चुन्याशी घासला असता त्यातून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो.

अमोनियाचा खरा वैरी म्हणजे ब्लीच, मग ते सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण असो वा ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर. दोहोंचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात आणि ते डोळे, घसा व फुप्फुसे यांचा दाह करतात. दोन जालीम द्रव्ये एकत्र केली की दुप्पट सफाई होते हा समज येथे घातक ठरतो. लहान मुलाच्या मूत्राने भिजलेले कपडे किंवा मांजराच्या मुताची जागा थेट ब्लीचने न धुता आधी भरपूर पाण्याने धुणे आवश्यक असते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. संडास धुण्याचे आम्लही ब्लीचमध्ये मिसळता कामा नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

व्हिनेगरशी मिसळल्यास अमोनियाचे उदासिनीकरण होऊन दोन्ही द्रव्ये वाया जातात, एवढेच. केसांच्या रंगात मात्र तो हायड्रोजन पेरॉक्साइडशी मुद्दाम मिसळला जातो. त्याने केसाचे आवरण फुगून उघडते आणि पेरॉक्साइड क्रियाशील होते. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवल्यास सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या दाबाने ती फुटू शकते. तांब्या-पितळेलाही अमोनिया मानवत नाही: एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात, आणि तबेल्यांतील घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण असल्याचे १९२१ साली स्पष्ट झाले.

अमोनियाला सुरक्षित सोबत साध्या पाण्याची, आणि फार तर ब्लीच नसलेल्या साबणाची. तीही खिडक्या उघड्या ठेवून. चुकून वायू सुटलाच, तर त्यावर आणखी काही ओतत न बसता तत्काळ मोकळ्या हवेत जावे व डोळे पाण्याने धुवावेत. फुप्फुसांत पाणी साचल्याची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. म्हणून श्वास लागला असल्यास, नंतर बरे वाटू लागले तरीही, डॉक्टरांना अवश्य दाखवावे.