रजा, मर्जी आणि रझिया

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर येणारा एक साधा कागद घ्या. वर शाळेचे नाव, खाली विषय : एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत. मग नेहमीचा मजकूर, की अर्ज करते, घरगुती कामामुळे उद्या शाळेत हजर राहता येणार नाही. तळाशी सही. समजा, ही सही रजिया नावाच्या शिक्षिकेची आहे. कागद वाचणाऱ्या बहुतेकांना त्यात एकच शब्द बाहेरचा वाटेल, तो म्हणजे सहीतले नाव. प्रत्यक्षात जिल्हा, रजा, अर्ज, हजर आणि रजिया हे पाचही शब्द अरबी आहेत. पाचही शब्दांतला 'ज' एकाच अरबी अक्षरापासून आला आहे. त्यांतले रजा आणि रजिया हे तर सख्ख्या बहिणींसारखे एकाच धातूतून निघालेले. चार शब्द आपण घरचे मानतो आणि पाचव्याला उंबऱ्याबाहेर उभे करतो, याला भाषेत काही आधार नाही. रझिया हे नाव ज्या धातूचे, तो धातू मराठीत कित्येक शतके राबतो आहे. म्हणून हे नाव मराठीच्या नात्यातलेच आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी नावाचा अर्थ पाहू. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. र-द-य हा असा एक सांगाडा, आणि त्याचा गाभा म्हणजे समाधान, संतोष, संमती. यातला 'द' आपला साधा 'द' नव्हे. तो जीभ जड करून उच्चारायचा, अरबीचा खास वर्ण आहे. या वर्णाचा अरबांना इतका अभिमान, की आपल्या भाषेला ते 'दाद या अक्षराची भाषा' म्हणत आले. या सांगाड्यातून 'रदिय्या' हे स्त्रीलिंगी रूप होते, म्हणजे संतुष्ट असलेली, जिच्यावर मन प्रसन्न आहे अशी. तेच आपले रझिया. 'रादिया' म्हणजे समाधानी, आणि 'मर्दिय्या' म्हणजे जिच्याविषयी दुसरा समाधानी आहे ती. ही दोन रूपे कुराणाच्या ८९व्या सूरेच्या शेवटाकडे शेजारी शेजारी येतात, आणि शिया परंपरेत पैगंबरकन्या फातिमा यांच्या बिरुदांतही ती आहेत. समाधान देणे आणि समाधान पावणे या दोन्ही बाजू एकाच धातूत सांभाळणारे हे नाव आहे. मुलीला ते देणाऱ्या आईबापांची इच्छा त्यात स्पष्ट दिसते.

भारतात या नावाला कीर्ती मिळाली ती दिल्लीच्या गादीमुळे. इल्तुतमिशची मुलगी रझिया १२३६ ते १२४० या काळात सुलतान होती. तिच्या काळातला इतिहासकार मिन्हाज-इ-सिराज याने 'तबकात-इ-नासिरी'त तिच्या अंगचे राज्यकर्त्याचे गुण मोजून दाखवले आहेत. तिचा मराठी मुलखाशी संबंध आला नाही. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ मध्ये, म्हणजे तिच्यानंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने. तरी शाळेच्या इतिहासातून हे नाव घरोघर पोहोचले. १९८३ मध्ये कमाल अमरोहींचा 'रझिया सुलतान' आला आणि ज्यांनी इतिहासाचे पुस्तक कधी उघडले नव्हते त्यांच्याही कानांवर ते पडले. ज्या काळात तख्तावर बाई बसणे कल्पनेपलीकडचे होते, त्या काळातल्या राज्यकर्तीचे नाव म्हणून अनेकांनी ते आवडीने ठेवले असणार, असे मला वाटते. मात्र नाव तिच्यामुळे जन्मले नाही. आणि मराठीशी असलेले त्याचे नाते तर तिच्यामुळे मुळीच जुळलेले नाही.

ते नाते जुळले कारभारातून, आणि त्याचा पुरावा उच्चारात आहे. हेच नाव उत्तर आफ्रिकेत 'रादिया' असे उच्चारले जाते, इराणात 'रझिये'. अरबांचा तो जड 'द' इराणी जिभेवर 'झ' झाला, आणि इराणी जिभेवरून जिथे जिथे शब्द गेले तिथे तो 'झ' किंवा 'ज' होऊनच गेला. मराठीत आलेला हा वर्ण जवळजवळ नेहमी 'ज' आहे. कर्ज, गरज, जामीन, जप्ती, काजी, हजर, अर्ज, जिल्हा, रमजान, या सगळ्यांत मूळ अक्षर तेच. यवतमाळच्या शेतकऱ्याला ही यादी समजावून सांगायला नको. गरज, कर्ज, जामीन आणि जप्ती हे चार शब्द याच क्रमाने त्याच्या दारात येतात. म्हणजे रझिया हे नाव आणि कर्ज हा शब्द एकाच वाटेने, फारसी बोलणाऱ्या कचेरीतून इथे आले. अरबस्तानातून ते थेट आले असते तर त्यांची रूपे वेगळी दिसली असती.

ही कचेरी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या किती जवळ होती, हे आज कळंबकरांनाही सहसा आठवत नाही. नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव चिंतामणी गणेशासाठी प्रसिद्ध आहे, आणि गावाचे नाव कदंब वृक्षाशी जोडले जाते. पण 'आइन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची जी यादी आहे, तिच्यात कळंबचे नाव आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग. महसुलाचा कागद फारसीत लिहिणारी दिवाणी इथल्या कारभाराशी त्या काळी बांधलेली होती. त्याआधी वऱ्हाडावर बहमनी आणि इमादशाही सत्ता होती. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड घेतला, १५९६ मध्ये तो मोगलांकडे गेला, पुढे निजामाकडे आला, आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पाच शतकांत धनी बदलत राहिले. कागदावरचे शब्द मात्र तेच राहिले.

१५७४ मध्ये वऱ्हाड घेणाऱ्या निजामशहाचे नाव मुर्तझा होते. निजामशाहीने त्याच्या आजोबांच्या, म्हणजे बुऱ्हाण निजामशहाच्या, काळात शिया पंथ स्वीकारला होता, आणि मुर्तझा हे हजरत अली यांचे बिरुद. अर्थ : ज्याच्यावर ईश्वर संतुष्ट आहे तो. धातू तोच, रझियाचा. अकोला जिल्ह्यातले मुर्तिजापूर हे नाव याच मुर्तझावरून पडले असे मानले जाते. यवतमाळहून निघणारी शकुंतला गाडी ११३ किलोमीटर तोडून याच मुर्तिजापुरात पोहोचायची. वऱ्हाडी माणसाच्या तोंडी 'मुर्तझा'चा 'मुर्तिजा' झाला आणि मूर्तीची छाया त्यात मिसळली. परका शब्द भाषा कसा पोटात घेते, त्याचे हे उदाहरण आहे. तिने तो आपल्या ओळखीच्या आवाजात बसवला आणि त्यावर गाव उभे केले.

मराठीने या धातूकडून नुसती उसनवार केली असती तर माझा मुद्दा लंगडा पडला असता. तिने त्याच्या शब्दांना स्वतःचे अर्थ दिले, म्हणून तो उभा राहतो. 'रिदा' म्हणजे संमती. त्याचा 'रजा' झाला. संमती मागून जायचे, म्हणून रजा म्हणजे निरोप, परवानगी, आणि शेवटी कामावरून घेतलेली सुट्टी. हिंदीत 'रज़ा' अजून संमतीच आहे, सुट्टीसाठी तिथे छुट्टी लागते. मराठी माणूस मात्र रजा काढतो, रजा टाकतो, रजेवर जातो. आजारपणाची रजा असते, प्रसूतीची असते, बिनपगारी असते. 'राजीनामा' या शब्दाचा प्रवास याहून मोठा आहे. शब्दशः अर्थ राजी असल्याचा लेख. उर्दूत तो तडजोडीचा कागद, आणि पद सोडण्याला तिथे 'इस्तिफा' म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू या पट्ट्यात मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणे. मधली पायरी जमिनीच्या व्यवहारात सापडते. जुन्या मुंबई पद्धतीच्या रयतवारीत खातेदाराला जमीन सोडायची असेल तर तो राजीनामा द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत लिहून द्यायचा. हीच पद्धत १८६० नंतर वऱ्हाडात आली. मी राजीखुशीने हे सोडतो, असा तो कागद. शेत सोडण्याचा शब्द खुर्ची सोडण्याला लागू पडला, आणि पहिला अर्थ मागे सरला.

'मर्जी' तर आणखी खोल गेली. मर्जी राखणे, मर्जी सांभाळणे, मर्जीतला माणूस, गैरमर्जी. दरबारातल्या कृपाअवकृपेचे एक अख्खे शास्त्र मराठीने या एका शब्दाभोवती उभे केले, आणि वरून 'खप्पामर्जी' असा खास घरचा शब्दही घडवला. 'राजी'ला फारसी 'ना' लागून 'नाराज' आला, आणि त्याला ई-कार लागून 'नाराजी' रोजच्या बातम्यांत बसली. सोयरिकीच्या बैठकीत मुलगी राजी आहे का असे विचारतात, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात अरबस्तान नसतो. 'रझिया'चा अर्थ नेमका त्या 'राजी'तच आहे.

इथे एक शंका रास्त आहे. आवाज जुळले म्हणून नाते जुळते का? नाही जुळत, आणि या विषयात फसगत फार होते. हाजरा हे नाव 'हजर'वरून आले असे कुणालाही वाटेल. पण हजरत इब्राहिम यांच्या पत्नीच्या नावातला 'ह' वेगळा, पुढचा 'ज' वेगळा. 'हजर'मधली दोन्ही अक्षरे निराळी आहेत. हव्वा या आदिमातेचा 'हवा'शी काही संबंध नाही. परंपरा तिचे नाव जगण्याशी जोडते, म्हणजे पेन्शनरांना दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यातल्या 'हयात'शी. देवनागरीत दोन 'ह' एक होतात, चारपाच वेगवेगळी अरबी अक्षरे 'ज'मध्ये बुडतात, म्हणून नुसत्या कानावर विसंबता येत नाही. राजश्रीची लाडाने 'राजी' होते, तीही निराळी. रझियाचे नाते मी कानावरून जोडलेले नाही. रजा, राजी, मर्जी आणि मुर्तझा या चारही शब्दांत मूळ अक्षरे तीच आहेत. माधव जूलियन यांचा १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' हाताशी घेतला की अशी नाती उलगडत जातात.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. हे शब्द सत्तेने लादले, आणि शिवाजी महाराजांनी 'राजव्यवहारकोश' करवून घेतला तो ते काढून टाकण्यासाठीच, असे सांगितले जाते. यातले ऐतिहासिक सत्य नाकारण्याचे कारण नाही. रघुनाथपंतांनी तो कोश राजाज्ञेने केला, त्यात फारसी कारभारी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, आणि स्वराज्याचा कारभार स्वतःच्या शब्दांत चालावा ही आकांक्षा थोर होती. विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीने राजीनाम्याऐवजी 'त्यागपत्र' पुढे केले, तेही त्याच ओढीने. पण कोशाचा विषय राज्यकारभार होता, माणसांची नावे नव्हती. भोसले घराण्यातच शहाजी आणि शरीफजी ही नावे होती, आणि ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली अशी परंपरा आहे. त्यागपत्र छापले जाते, राजीनामाही दिला जातो. लोकांनी दोन्ही शब्द ठेवले. लादलेला शब्द सत्ता गेल्यावर गळून पडतो. मर्जी गळाली नाही, कारण तोवर ती लोकांची झाली होती.

तिसरा आक्षेप असा, की नाव ही धर्माची बाब आहे, भाषेची नव्हे. धर्माची खूण नावात असते, हे खरेच. पण नाव वाक्यात आले की त्याला भाषेचे नियम लागतात. अरबी स्त्रीलिंगी नावांचा शेवटचा आकार मराठीत सीता, विद्या यांच्या रांगेत आपसूक बसतो. विद्याला तसे रझियाला. वऱ्हाडात 'रजियाले सांग', 'रजियाची माय', आणि घरात 'रजियाबी'. ही विभक्ती अरबीची नाही, उर्दूचीही नाही. जळगावात मुस्लीम स्त्रियांवर घातलेल्या सिनेमाबंदीविरुद्ध १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या रझिया पटेल महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांच्या कामाची चर्चा मराठीत झाली, वादही मराठीत झाला. संमती हा अर्थ असलेले नाव, आणि असंमतीचा तो निर्धार. नावाच्या अर्थाने माणूस बांधला जात नाही, हेही इथे दिसते.

अलीकडे मुलींना झोया, इनाया, आलिया अशी आटोपशीर नावे देण्याकडे कल आहे, आणि रझिया आता बहुतेक आई-आजीच्या पिढीचे नाव वाटते. त्याचे लेखन मात्र अजून अडचणीचे आहे. छापील मराठीत 'रझिया', बोलण्यात 'रजिया', इंग्रजी कागदांवर तीनचार तऱ्हा. मर्जी आपण कधी 'मर्झी' लिहिली नाही. नावात मात्र 'झ' घालतो, आणि त्या एका अक्षराने ते परके असल्याची पाटी लागते. इ, ई आणि य यांच्याआधी मराठी 'ज' तालव्य होतो, म्हणून राजी, मर्जी आणि रजिया यांतला 'ज' मराठी तोंडात एकच आहे. माझ्या मते मराठीला साजेसे लेखन 'रजिया' हेच. मी या लेखात दोन्ही ठेवले, कारण ज्यांचे नाव आहे त्यांतल्या पुष्कळ जणी 'झ' लिहितात आणि तो त्यांचा अधिकार आहे. शाळेच्या दाखल्यात एक, आधार कार्डावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे, अशी तीन नावे झाली की पुढे वारसनोंदीला किंवा शिष्यवृत्तीला प्रतिज्ञापत्र लागते, हेलपाटे होतात. पहिलीच्या प्रवेशाला आलेल्या मुलीचे नाव जनरल रजिस्टरात चढवताना गुरुजींनी अंदाजाने अक्षर लिहू नये. घरी नाव कसे लिहितात ते तिच्या आईला विचारावे, आणि मगच पेन टेकवावे.