वोलेनचं एक मिनिट

काकांच्या येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. शाळेत असताना हे मला मोठं कोडं वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत काका दोन्ही सायलेन्सर उतरवायचे, परसात जाळावर धरायचे, आणि आतली काजळी पेटून भुरभुरली की नळी दगडावर आपटून मोकळी करायचे. मग पॉइंट घासणं, प्लग पुसणं, पेट्रोलमध्ये ऑइल घालून टाकी हलवणं. शेवटी गिअरचाच लिव्हर आत दाबून वर उचलायचा. त्याचीच किक व्हायची. दोन-तीन किकांत गाडी बोलू लागली की निळसर धुराचा वास पार माजघरापर्यंत यायचा. ‘‘दोन नळ्या कशाला?’’ असं विचारलं की काका म्हणायचे, ‘‘घराण्याची रीत आहे ती.’’

ते घराणं मला पुढे सांगलीत एका रद्दीच्या दुकानात भेटलं. परदेशी मासिकाचं सुटं पान होतं. चिखलानं माखलेला स्वार, हवेत उडालेली गाडी, तिला एकच सिलिंडर आणि त्यातून निघालेल्या दोन नळ्या. स्वाराचं नाव जोएल रोबेर, गाडी चेझेट. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून बनत गेलेल्या आमच्या जावा-येझदीची ही चेकोस्लोव्हाकियातली चुलत बहीण. जावा आणि चेझेट हे तिकडचे दोन कारखाने, सरकारनं एका छपराखाली आणलेले. त्या पानापासून जुन्या मोटोक्रॉसचं वेड लागलं, ते आजतागायत उतरलेलं नाही.

म्हणूनच गेल्या वर्षी भाच्याचा ओहायोहून फोन आला तेव्हा मी सावरून बसलो. ‘‘मामा, व्हिंटेज मोटोक्रॉसला उतरायचंय. दिवाणखान्यात मांडायला नको, पळवायला हवी. कुठली घेऊ?’’ फोनवर दिलेलं उत्तर तोकडं होतं. हे सविस्तर.

आधी नियम. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी जी मोठी संघटना आहे, तिचा व्हिंटेज गट साधारण १९७४च्या मॉडेलपर्यंत जातो. पुढच्या चाकाची वर-खाली हालचाल सात इंचांहून जास्त नको, मागच्याची चार इंचांहून जास्त नको. ही रेघ कुणी मनाला आलं म्हणून ओढलेली नाही. १९७३मध्ये हॉकान अँडरसननं यामाहावर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्या गाडीला मागे दोन शॉक ॲब्सॉर्बरऐवजी बेल्जियन अभियंता लुसियाँ टिल्केन्स यांच्या कल्पनेतला एकच लांब शॉक होता. १९७४च्या मध्यात जर्मनीच्या मायकोनं मागचे शॉक पुढे सरकवले. दोन-तीन वर्षांत मागच्या चाकाची हालचाल दुप्पट झाली आणि जगातल्या सगळ्या मोटोक्रॉस गाड्या एका दमात जुन्या झाल्या. १९७४ हा त्या जुन्या जगाचा शेवटचा उंबरठा.

या उंबरठ्याच्या अलीकडे निवड करायला बरंच आहे. बीएसएचा फोर-स्ट्रोक सिंगल म्हणजे १९६४ आणि १९६५चा ५०० सीसी विजेता जेफ स्मिथ. आवाज मनात घर करतो, पण वजन दंडात उतरतं. स्वीडनची हुस्कवार्ना हलकी आणि देखणी. टॉर्स्टेन हालमाननं तिच्यावर चार जागतिक विजेतेपदं घेतली, स्टीव्ह मॅक्वीन तिच्यावर पडद्यावर दिसला, आणि म्हणूनच ती हल्ली संग्राहकांच्या भावानं विकली जाते. मायको वळणावर जशी बसते तशी दुसरी कुठलीही बसत नाही, मात्र तिला रोजच्या रोज हात लावणारा मालक लागतो. स्पेनच्या बुल्ताको पुरसांगवर जिम पोमरॉय १९७३मध्ये जागतिक ग्रां प्री जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. आणि १९७३ची होंडा एल्सिनोर सीआर २५० ही डोकं ठिकाणावर ठेवून करायची निवड. होंडाची ही पहिली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस. भरपूर खपली, त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि पहिल्याच वर्षी गॅरी जोन्सनं तिच्यावर अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. ज्याला फक्त जिंकायचंय त्यानं एल्सिनोर घ्यावी. मी भाच्याला चेझेट घे म्हणालो.

दक्षिण बोहेमियात ओटावा नदीकाठी स्ट्राकोनित्से नावाचं गाव आहे. एके काळी तिथल्या लाल फेझ टोप्या थेट तुर्कस्तानापर्यंत जायच्या. १९१९मध्ये तिथे शस्त्रांचा कारखाना निघाला, पुढे त्याचं नाव झालं चेस्का झ्ब्रोयोव्का, म्हणजे चेक शस्त्रागार. त्याची अद्याक्षरं चेझेट. बंदुकांच्या नळ्या घडवलेल्या हातांनी मग मोटरसायकली घडवल्या, आणि ती घडण मोटोक्रॉसच्या गाडीतही दिसते. जाड, भरवशाची, पडून उठणारी. रोबेर १९६४मध्ये या गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाचा व्हिक्टर अर्बेकोव्ह, तोही चेझेटवर. ५०० सीसीत पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिख्स १९६६ ते १९६८ सलग तीनदा. १९६८ आणि १९६९ला पुन्हा रोबेर. मग सुझुकीनं रोबेरला आपल्याकडे ओढलं आणि पैशाचा, मॅग्नेशियमचा, टायटॅनियमचा जमाना सुरू झाला. स्ट्राकोनित्सेकडे यातलं फारसं काही नव्हतं. त्यांच्याकडे यारोस्लाव्ह फाल्टा होता.

फाल्टा १९५१चा. १९७४च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियाला गेला आणि लॉस एंजेलिसच्या कोलिसियम स्टेडियममध्ये, हजारो अमेरिकन प्रेक्षकांदेखत, सुपरबोल ऑफ मोटोक्रॉस जिंकून आला. त्याआधीची दोन वर्षं हा मान मार्टी ट्राइप्स या अमेरिकन पोराचा होता. त्याच हंगामात २५० सीसीच्या जागतिक मालिकेत फाल्टा आणि सोव्हिएत संघाचा गेनादी मोइसेयेव्ह यांची झुंज शेवटच्या ग्रां प्रीपर्यंत ताणली गेली. ठिकाण स्वित्झर्लंडमधलं वोलेन. मोइसेयेव्ह ऑस्ट्रियाच्या केटीएमवर, फाल्टा चेझेटवर.

ग्रां प्रीत एकाच दिवशी दोन लांब शर्यती असतात. पहिली फाल्टानं जिंकली, मोइसेयेव्हची गाडी बिघडली. आता दुसरी जिंकली की विजेतेपद हातात. या दुसऱ्या शर्यतीची वर्णनं मी मिळतील तिथून जमवली आहेत, आणि मुख्य गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. मोइसेयेव्हच्या संघातले दोन सोव्हिएत स्वार फाल्टाच्या आडवे आले, त्याच्यावर गाडी घातली, त्याला खाली पाडलं. फाल्टा उठला. गाडीही उठली. पुन्हा किक, पुन्हा पुढे. तो शर्यत जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, चेझेटच्या माणसांना जग जिंकल्यासारखं झालं.

मग सोव्हिएत संघानं तक्रार नोंदवली की फाल्टानं स्टार्ट आधी घेतला. पंच बसले आणि फाल्टाला एक मिनिटाचा दंड झाला. त्या मिनिटानं त्याला निकालात इतकं खाली ढकललं की विजेतेपद मोइसेयेव्हकडे गेलं.

हा निर्णय मला आजवर पटलेला नाही. स्टार्ट चुकला असेल तर तो स्टार्टलाच दिसतो. ज्याला दोघांनी मातीत लोळवलं आणि तरी जो सगळ्यांच्या पुढे आला, त्यानं क्षणाच्या घाईनं मिळवलं असेल त्याच्या कित्येक पट त्या पडण्यात गमावलं होतं. पाडणाऱ्यांचा हिशेब झाला नाही, पडणाऱ्याचा झाला. आणि हे कुणाच्या वाट्याला आलं? प्राग शहरात सोव्हिएत रणगाडे शिरल्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती, त्या देशातल्या तेवीस वर्षांच्या पोराच्या. मोइसेयेव्हचा मोठेपणा मी नाकारत नाही. १९७७ आणि १९७८ला त्यानं पुन्हा विजेतेपद घेतलं, निखळ घेतलं. पण १९७४चं मी त्याच्या खात्यात धरत नाही. फाल्टा २०२२मध्ये गेला, जगज्जेता न होताच.

विजेत्यांच्या यादीत या सगळ्याची एकच ओळ उरली आहे: १९७४, २५० सीसी, मोइसेयेव्ह, केटीएम. केटीएमचं ते पहिलं जागतिक विजेतेपद. आपल्याकडे ही ओळ परकी राहत नाही. २००७मध्ये बजाज ऑटोनं केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि पुढे चाकणच्या कारखान्यातून केशरी ड्यूक बाहेर पडू लागल्या. पुण्याच्या रस्त्यावर एखादी जुनी येझदी आणि नवी ड्यूक सिग्नलला शेजारी थांबलेली दिसली की मला वोलेन आठवतं. एकीकडे हरवलेलं घराणं, एकीकडे जिंकलेलं. दोन्ही आपल्याच मातीत बनलेल्या.

म्हणून जुनी गाडी निवडताना विजेत्यांची यादी पुढ्यात घेऊन बसू नये असं माझं मत झालंय. यादीत गाडीनं काय सोसलं ते नसतं. ते गाडीच्या अंगावर असतं आणि तिथेच पाहावं लागतं. भाच्याला मी एवढंच बजावलं: स्टीअरिंगच्या मानेपाशी चॅसिसला तडा आहे का, बोटानं चाचपून बघ. पुढच्या स्प्रॉकेटमागे क्रँककेसवर वेल्डिंगचा डाग दिसला तर कधी तरी चेन तुटून आत घुसली होती असं समज. हेड आणि सिलिंडर उतरवून कनेक्टिंग रॉड धर. आडवा थोडा हलला तर चालेल, उभा हलला तर सौदा सोड. यिकोव्ह कार्बोरेटर आणि पाल इग्निशन जपून ठेव, पण शर्यतीला मिकुनी आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन लाव. स्ट्राकोनित्सेत मोटरसायकली बनणं १९९०च्या दशकातच थांबलं, तरी चेक कारागीर आजही तिचे भाग नव्यानं बनवतात, तेव्हा सुट्या भागांची धास्ती नको. दोन नळ्यांच्या जुन्या चेझेटच्या मोहात मात्र पडू नको. ती मला हवी आहे. तू सत्तरच्या दशकातली एका नळीची २५० घे, फाल्टाच्या काळातली.

त्यानं तीच घेतली. पिवळ्या टाकीची, डाव्या बाजूला पोचा आलेली. पोचा काढू नको म्हणालो. पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री मी त्याला वोलेनची गोष्ट सगळी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो धाप लागलेला. ‘‘मामा, स्टार्टचं गेट पूर्ण जमिनीला टेकेपर्यंत मी क्लच सोडलाच नाही. पहिल्या वळणावर शेवटचा होतो.’’

‘‘मग?’’

‘‘दुसऱ्या फेरीत पडलो. उचलली, एका किकेत सुरू झाली.’’