बीजायन (भाग ६) : घरचं बी कधी चालतं?

मागच्या आठवड्यात दाण्याच्या पोटात काय काय असतं ते पाहिलं. आज व्यवहाराकडे येऊ. मे महिना लागला की कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी सुरू होते. त्याच वेळी मराठवाड्या-विदर्भातल्या कितीतरी घरांत भाव वाढेल या आशेवर सोयाबीनची पोती थप्पीला पडून असतात. पोत्यातल्या सोयाबीनचा भाव बाजार समितीत ठरतो. तोच दाणा निवडून, तपासून, लेबल लावून पिशवीत आला की किलोमागे दर दुपटीवर जातो. मग घरचंच पेरलं तर? यावर पारावर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, आजोबा कुठे पिशव्या आणत होते! दुसरा म्हणतो, घरचं पेरून वर्ष बुडवायची हौस कुणाला आहे? गंमत अशी की दोघंही पिकाचं नाव घेत नाहीत, आणि मेख नेमकी तिथेच आहे.

घरचं बी चालेल की नाही, याचा पहिला निकाल फूल देतं. सोयाबीनचं फूल उमलायच्या आधीच त्यातले पराग त्याच फुलातल्या स्त्रीकेसरावर पडलेले असतात. बाहेरच्या परागाला शिरकाव जवळजवळ नाही, त्यामुळे लेक हुबेहूब आईसारखी निपजते. गहू, भात, हरभरा यांचंही तसंच. या पिकांच्या सरळ वाणाचं बी काळजीनं राखलं तर दोन-तीन वर्षं बिनधोक वापरता येतं. तुरीवर मधमाश्या येतात, ज्वारीचे पराग वाऱ्यावर जातात. तिथे शेजारच्या शेतात कोणता वाण आहे हे पाहावं लागतं. मका आणि बाजरी तर पूर्णपणे परपरागी.

संकरित वाणाचं गणित मुळातच वेगळं. दोन निरनिराळे शुद्ध वाण एकमेकांत मिसळून जी पहिली पिढी मिळते, ती जोमदार आणि एकसारखी असते. तिचंच बी पुन्हा पेरलं की आजी-आजोबांचे गुण वेगवेगळ्या मेळांनी वर येतात: एक झाड उंच, एक ठेंगणं, एक लवकर फुलणारं, एक रेंगाळणारं. मेंडेलनं वाटाण्यावर दाखवलं ते हेच. कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण ‘एच-४’ १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. त्याचं बी तयार करायला एकेका कळीतले पुंकेसर हातानं काढावे लागतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग हातानंच लावावे लागतात. पिशवीच्या किमतीत ही मजुरीही असते. ‘कंपन्या बी मुद्दाम वांझ करतात’ असं गावोगाव छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. संकरिताचं बी उगवतं, फक्त एकसारखं पीक देत नाही. तेव्हा संकरित कपाशीच्या सरकीतून घरचं बियाणं काढायच्या फंदात पडू नये. सोयाबीनची गोष्ट मात्र निराळी.

निराळी, पण सोपी नाही. सोयाबीनचं बी फार नाजूक. साल पातळ, आणि अंकुर त्या सालीच्या लगेच आत. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोतं उंचावरून आदळलं, थप्पी फार उंच लावली की वरून धड दिसणारा दाणाही आतून मुका मार खाल्लेला असतो. असा दाणा ओल्या मातीत पडला की पाणी भसकन आत घेतो, पेशी फुटतात, आतली साखर बाहेर झिरपते आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. बियाण्याला किमान उगवणीचा कायदेशीर निकष गव्हासाठी ८५ टक्के, भातासाठी ८० टक्के आहे. सोयाबीनसाठी तो ७० टक्क्यांवर ठेवावा लागला, तो उगाच नाही. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या वर्षी बऱ्याच जणांना दुबार पेरणी करावी लागली.

म्हणूनच घरचं असो की विकतचं, उगवण तपासल्याशिवाय पेरू नये. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी काढायचं, एकत्र करायचं आणि त्यातले शंभर दाणे मोजायचे. इथे हात आपोआप टपोऱ्या दाण्यांकडे जातो. तो आवरायचा, समोर येईल तो दाणा घ्यायचा. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकायचा, सगळ्याची गुंडाळी करून दोन्ही टोकं सैल बांधायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. गुंडाळी ओलसर राहावी, पाणी निथळत राहू नये. सहा-सात दिवसांनी उलगडली की चिकट, कुजलेले दाणे लगेच ओळखू येतात. नुसता मोड दिसला म्हणून दाणा पास करू नये. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बी पुरतं. सत्तरच्या खाली दर टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं. साठच्याही खाली गेलं तर ते पोतं सरळ बाजारात न्यावं.

उगवण चांगली असूनही पेरणी फसते, त्याचंही कारण सोयाबीनच्या अंगातच आहे. हरभऱ्याची दलं मातीतच राहतात. सोयाबीन आपली दोन्ही दलं मान वाकवून जमिनीबाहेर ओढतं. बी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं, किंवा पेरणीवर जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं आणि वर पापडी धरली, की ती मान आतच मोडते. मग बियाण्याला शिव्या बसतात.

साठवणीच्या विज्ञानात एक ठोकताळा सांगतात: बियातला ओलावा एक टक्क्यानं कमी झाला की त्याचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले वाल किंवा चुलीच्या वर धुरात टांगलेली मक्याची कणसं याच वाटेनं टिकत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालापासून भातापर्यंतचे गावठी वाण असेच जपले, आणि त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र गावठी म्हणजे सगळंच सरस, हा अलीकडचा सूर मला पटत नाही. वाण टिकवायचा तो त्यातला एखादा गुण उद्या लागेल म्हणून. रोजच्या पेरणीत तोच नफा देईल, असं नाही.

घरचं बी राखण्यात नुसती बचत नाही, निवडही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम दीड एकराचे धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढची काही वर्षं निवडत राहिले. भात स्वपरागी असल्यामुळे निवडलेला गुण पुढच्या पिढ्यांत टिकला. तयार झालेल्या बारीक तांदळाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडलं आणि तो कित्येक राज्यांत पसरला. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तो शुद्ध करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून प्रसारित केला. श्रेय कुणाचं यावर वाद झाला. माझ्या मते शुद्धीकरण हे काम आहेच, पण शेकडो लोंब्यांत ती वेगळी लोंबी दिसणं हे त्याआधीचं आणि अवघड काम. खोब्रागडे २०१८ मध्ये गेले, तोवर पैशांची ओढाताण काही सुटली नव्हती.

त्यांच्यासारख्यांच्या हक्कासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. शेतकऱ्याला आपलं बी राखता येतं, पेरता येतं, वाटता येतं, विकताही येतं. ब्रँडचं नाव लावून मात्र विकता येत नाही. आणि शेतकऱ्यानं स्वतः घडवलेला वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो. ही सोय अजून फार थोड्या गावांना माहीत आहे.

घटस्थापनेला पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरतो, ती रब्बीच्या तोंडावरची उगवण चाचणीच, असं हौसेनं सांगितलं जातं. काळ जुळतो, हे खरं. पण घटात आपण मूठभर मिसळ धान्य मोजल्याशिवाय टाकतो; त्यावरून शेतातली उगवण कशी कळणार? दसऱ्याला टोपीत खोवलेले ते तुरे पिवळे असतात, कारण देवघरातल्या अंधुक उजेडात हरितद्रव्य तयार होत नाही. बियाणं निकृष्ट असल्याची ती खूण नव्हे.

यंदा विकतचं बियाणं घेणार असाल, तर पक्की पावती घ्या. पिशवीची टॅग असलेली बाजू शाबूत ठेवून ती तळाकडून फोडा. टॅग, पावती, रिकामी पिशवी आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा, कारण तक्रारीची वेळ आलीच तर पुरावा तोच असतो. पुढच्या भागात बीजप्रक्रिया.